धोटा, धागा आणि वर्ग : मुंबईच्या गिरणी कामगार चळवळीतील भांडवलशाहीची चिकित्सा व विणकाम खात्याचा प्रश्न (१९२८ ते १९३८)

प्रस्तावना

भारतातील डाव्या विचारांचा इतिहास बहुधा पक्षांची स्थापना, खटले, ठराव आणि फुटी यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. या लेखनाचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्यात एक उणीव राहून जाते. भांडवलशाहीची चिकित्सा ज्या कामगारांच्या नावाने केली गेली, ते कामगार कारखान्याच्या कोणत्या खात्यात, कोणत्या यंत्रापाशी, कोणाच्या शेजारी उभे राहून काम करीत होते, याची नोंद तेथे क्वचितच आढळते. सिद्धान्ताची खरी परीक्षा मात्र अशा तपशिलांतच होत असते.

प्रस्तुत निबंधात मुंबईच्या कापडगिरण्यांतील विणकाम खाते हा असा एक तपशील केंद्रस्थानी घेतला आहे. या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या सार्वत्रिक संपात हा प्रश्न प्रथमच मागणीच्या स्वरूपात पुढे आला आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत कम्युनिस्ट चळवळ व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या परस्परसंबंधांवर त्याची गडद छाया राहिली. या प्रश्नाच्या आधारे दोन गोष्टी तपासण्याचा येथे प्रयत्न आहे. एक, आधुनिक उद्योगाने जातिव्यवस्था मोडेल ही मार्क्सवादी विचारातील अपेक्षा मुंबईच्या गिरण्यांत कितपत खरी ठरली? दोन, जातीचा प्रश्न 'सामाजिक' म्हणून बाजूला ठेवल्याने भांडवलशाहीच्या चिकित्सेचेच काय नुकसान झाले? निबंधाचे प्रतिपादन असे की, विणकाम खात्याचा प्रश्न मुळातच वेतनाचा, रोजगाराचा व मालकाच्या अधिकाराचा, म्हणजे पूर्णतः आर्थिक प्रश्न होता. तो तसा न ओळखल्यामुळे डाव्या चळवळीची भांडवलशाहीविषयीची समज अपुरी राहिली.

१. मार्क्सची अपेक्षा आणि मुंबईची गिरणी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कार्ल मार्क्स यांचा भारतातील ब्रिटिश सत्तेच्या भावी परिणामांविषयीचा लेख 'न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून' या दैनिकात प्रसिद्ध झाला. रेल्वेतून आधुनिक उद्योग उभे राहतील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर भारतातील जाती उभ्या आहेत तिला हे उद्योग विरघळवून टाकतील, असे अनुमान त्यात मांडलेले आहे. हे अनुमान केवळ आशावादातून आलेले नव्हते. भांडवलाला हवे असते ते विकत घेता येणारे श्रम. ते कोणत्या कुळातले आहेत याच्याशी भांडवलाला कर्तव्य नसते, अशी त्यामागील तर्कसरणी होती.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. १९२० च्या दशकापर्यंत मुंबई शहरात सुमारे ८० गिरण्या व दीड लाखाच्या आसपास कामगार असा विस्तार झाला. रत्नागिरी, सातारा, पुणे व दख्खनच्या अन्य भागांतून माणसे आली. उत्तर भारतातील विणकर समाजातील मुसलमान कारागीरही आले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगारांचे प्रमाण एकूण कामगारांच्या दहा टक्क्यांहून थोडे अधिक होते. गावात बलुतेदारीने बांधलेला माणूस रोख वेतनावर यंत्राजवळ उभा राहिला, एवढ्यापुरती मार्क्सची अपेक्षा खरी ठरली, असे म्हणता येईल.

गिरणी कामगारांच्या संघटनेचा आरंभही जातिविरोधी विचारातूनच झाला, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले आणि 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संस्था उभी केली. १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुट्टी हे या प्रयत्नांचे फळ होय. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्याच्या लुटीची कारणमीमांसा करताना सरकारी कर, सावकारी व भटशाही यांचा एकत्रित विचार केला होता. म्हणजे महाराष्ट्रात शोषणाच्या चिकित्सेची जी पहिली परंपरा घडली, तिने आर्थिक व सामाजिक असे कप्पे केलेले नव्हते. चार दशकांनंतर मार्क्सवादी विचार मुंबईत आला तेव्हा हा धागा बऱ्याच अंशी तुटलेला होता.

२. गिरणीतील खाती आणि श्रमिकांची विभागणी

गिरणी बाहेरून एकसंध दिसत असली तरी आत ती अनेक खात्यांत विभागलेली होती. कापूस पिंजणे, सूत कातणे, कांड्या भरणे, ताणा तयार करणे, खळ देणे आणि विणणे अशा क्रमाने काम चाले. यांपैकी विणकाम खात्यातील साचेवाले, म्हणजे माग चालविणारे कामगार, उत्पादनाच्या प्रमाणात वेतन घेत आणि त्यांची कमाई सर्वसाधारण कामगारांहून चांगली असे. सूतकताईच्या रिंग खात्यात वेतन ठरावीक व तुलनेने कमी असे. कांड्या भरण्याच्या व सूत गुंडाळण्याच्या कामांत स्त्रियांचा भरणा होता. विणकाम खात्यात प्रामुख्याने मराठा व मुसलमान कामगार होते, तर अस्पृश्य कामगार मुख्यतः रिंग खात्यात व अन्य कमी वेतनाच्या कामांत होते.

या विभागणीचे जे कारण सांगितले जाई ते एका तांत्रिक क्रियेशी निगडित होते. धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी बसवून तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावा लागे. विणकर हे काम तोंडाने श्वास ओढून करीत. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागत असल्यामुळे अस्पृश्य कामगाराने ओढलेला धागा आपणास विटाळेल, अशी सवर्ण हिंदू कामगारांची हरकत होती. मुसलमान विणकरांतही ती आढळे. अनेक गिरण्यांत पिण्याच्या पाण्याची व्यवस्थाही वेगळी असे.

धागा तोंडाने ओढण्याची पद्धत मुंबईपुरती मर्यादित नव्हती. लँकेशायरमधील विणकरही हेच करीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने रोगप्रसाराच्या भीतीने १९११ मध्ये अशा धोट्यांच्या वापराविरुद्ध कायदा केला आणि इंग्लंडमध्येही या पद्धतीची चर्चा आरोग्याच्या अंगाने झाली. यंत्र तेच, क्रिया तीच. परंतु एका ठिकाणी ती रोगाचा प्रश्न ठरली व दुसऱ्या ठिकाणी विटाळाचा. यंत्राला जात नसते हे खरे, मात्र यंत्राभोवती श्रमाची जी मांडणी होते ती समाजातून येते. हाताने किंवा साध्या अवजाराने धागा ओढता येईल असा धोटा वापरणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. त्या दिशेने पाऊल टाकण्याची निकड कोणालाही वाटली नाही, ही बाब अधिक बोलकी आहे.

धाग्याच्या या कारणामागे भरतीची पद्धतही उभी होती. कामगारांची भरती जॉबरच्या हाती असे. तो आपल्या गावचे, नात्याचे व जातीचे लोक खात्यात लावी, बदली कामगारांना काम देई वा नाकारी, आणि पुष्कळदा राहण्याची जागा व उसनवारी यांतही त्याचा हात असे. मालकाला या व्यवस्थेत विनासायास श्रमिक मिळत व त्यांच्यावर नियंत्रणही राही. खात्याचे दार बंद राहण्यास सहकामगारांचा विटाळ जितका कारणीभूत होता, तितकीच मालकाला सोयीची असलेली ही भरतीची साखळीही कारणीभूत होती. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात जात ही श्रमांबरोबरच श्रमिकांचीही विभागणी करते, असा सिद्धान्त मांडला. त्या सिद्धान्ताचे रोजचे प्रत्यंतर परळ-लालबागच्या गिरण्यांत येत होते.

३. १९२८ चा संप : भांडवलशाहीची चिकित्सा कामगाराच्या भाषेत

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरणीमालकांनी प्रचंड नफा कमावला. युद्धोत्तर मंदी व जपानी मालाची स्पर्धा सुरू होताच त्यांनी तोट्याचा भार कामगारांवर टाकण्यास प्रारंभ केला. १९२५ मध्ये साडेअकरा टक्के वेतनकपात जाहीर झाली. दीर्घ संपानंतर, सरकारने कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित केला तेव्हाच ती मागे घेण्यात आली. १९२७ नंतर मालकांनी 'कार्यक्षमता' या नावाखाली नवी योजना पुढे केली. विणकराने दोनऐवजी तीन माग आणि रिंग खात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, असा तिचा गाभा होता. कामगारसंख्या कमी होणार आणि उरलेल्यांचे श्रम वाढणार हे उघड होते.

एप्रिल १९२८ मध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने चालला. त्यात दीड लाखाच्या आसपास कामगार सहभागी होते. याच काळात, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) स्थापन झाली. श्रीपाद अमृत डांगे, शां. सा. मिरजकर, के. एन. जोगळेकर, रघुनाथ निंबकर, स. वि. घाटे व ब्रिटिश कम्युनिस्ट बेन ब्रॅडली यांच्या बरोबरीने अर्जुन आळवे व गोविंद कासले हे प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले कार्यकर्ते तिच्या नेतृत्वात होते. मवाळ विचारांचे ना. म. जोशी यांच्या संघटनेसह संयुक्त संप समिती स्थापन झाली. प्रारंभी काही शेकडा सभासद असलेली ही युनियन वर्षअखेर ५४ हजार सभासदांपर्यंत पोहोचली. भारतात त्या वर्षी संपांमुळे तीन कोटींहून अधिक मनुष्यदिवस वाया गेले, त्यांतील फार मोठा वाटा मुंबईच्या गिरण्यांचा होता.

या संपाचे वैचारिक महत्त्व संख्येपेक्षा अधिक आहे. डांगे यांनी १९२१ मध्ये 'गांधी व्हर्सेस लेनिन' ही पुस्तिका इंग्रजीत लिहिली व पुढील वर्षी 'सोशॅलिस्ट' हे इंग्रजी साप्ताहिक काढले. त्यांचा वाचक मर्यादित होता. १९२७ मध्ये मुंबईत कामकरी-शेतकरी पक्ष स्थापन झाला आणि त्याचे 'क्रांती' हे मराठी साप्ताहिक निघू लागले. त्यानंतर नफा, वरकड श्रम, वेतन व मक्तेदारी या संकल्पना चाळीच्या अंगणात आणि गिरणीच्या दारावरील सभेत मराठीतून मांडल्या जाऊ लागल्या. कार्यक्षमता म्हणजे कोणाची कार्यक्षमता, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य कामगारांना त्यातून लाभले. मजुरी हा मालकाच्या कृपेचा विषय नसून उत्पादनातील हक्काचा विषय आहे, ही जाणीव रुजविण्याचे श्रेय लाल बावट्यास निःसंशयपणे द्यावे लागते.

४. एक मागणी आणि तिला मिळालेले उत्तर

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये आणि मनुस्मृतिदहन त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये झाले होते. सार्वजनिक पाण्याचा हक्क मागणारा समाज गिरणीतील पाण्याबद्दल व साच्याबद्दल मौन बाळगील, हे संभवनीय नव्हते. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांसमोर भूमिका मांडली की, गिरणीच्या सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मान्य केला नाही, तर आपण त्यांना संपापासून दूर राहण्यास सांगू. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या आंबेडकर-चरित्रात या प्रसंगाची नोंद आहे. तीनुसार नेत्यांनी ही मागणी मोठ्या नाखुशीने आपल्या मागण्यांत समाविष्ट केली. मालकांसमोर ती गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्यास आम्ही जबाबदार नाही.

कीर यांना मालकांचे हे उत्तर रास्त वाटले. कामगारनेत्यांच्या विसंगतीवर त्याने अचूक बोट ठेवले, या अर्थाने ते रास्त होतेही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने या उत्तराकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. याच संपात मालकांचा आग्रह काय होता? एका विणकराने किती माग चालवायचे, कोणी किती बाजू सांभाळायच्या, उशिरा येणाऱ्यास काय दंड, कोणास कधी कामावरून कमी करायचे, हे ठरविण्याचा सर्वाधिकार व्यवस्थापनाचा आहे, असा त्यांचा दावा होता. त्यांच्या स्थायी नियमांचा अर्थ तोच होता आणि न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीपुढे वाद झाला तोही त्यावरच. म्हणजे श्रमाच्या संघटनेवर संपूर्ण अधिकार सांगणारा मालक, एका खात्याचे दार एका जातसमूहास बंद आहे हे समोर येताच, तो विषय आपल्या अधिकाराबाहेरचा असल्याचे सांगत होता. अधिकार हवा तेथे गिरणी मालकाची आणि जबाबदारी आली तेथे समाजाची, अशी ही विभागणी होती.

जात टिकविण्यासाठी भांडवलाला जातिवादी असण्याची गरज पडत नाही. तयार विभागणीचा उपयोग करून घ्यावा आणि तिचे उत्तरदायित्व नाकारावे, एवढे पुरेसे होते. मार्क्सच्या १८५३ च्या तर्कसरणीत या शक्यतेला स्थान नव्हते. कामगाराच्या कुळाशी भांडवलाला कर्तव्य नसते हे खरे मानले तरी, कुळावर आधारलेली विभागणी मजुरी कमी राखण्यास व एकजूट रोखण्यास उपयोगी पडत असेल, तर तिला विरघळविण्यातही भांडवलाला स्वारस्य उरत नाही.

आता कामगारनेत्यांच्या नाखुशीचा विचार करू. तिची कारणे केवळ वैयक्तिक पूर्वग्रहात शोधणे अन्यायाचे होईल. युनियनच्या सभासदांत सवर्ण कामगारांचे बहुमत होते आणि विणकर हे संपाचे बळ होते. सहा महिन्यांच्या उपासमारीत एकजूट टिकविण्याची चिंता नेत्यांना होती. विटाळाचा प्रश्न काढल्यास फूट पडेल ही भीती निराधार म्हणता येत नाही. मात्र या चिंतेत एक गृहीत दडलेले होते. अस्पृश्य कामगारास वगळून होणारी एकजूट ही 'एकजूट' मानली गेली आणि त्याने हक्क मागणे ही 'फूट' मानली गेली. फूट प्रत्यक्षात खात्याच्या दारातच, संपाच्या कितीतरी आधी, पडलेली होती.

शिवाय 'कार्यक्षमता' योजनेचा या कामगारांवर होणारा परिणाम वेगळा होता. रिंग खात्यात एका माणसाकडे दोन बाजू आल्या की त्या खात्यातील नोकऱ्या घटणार. अन्य कामगारास दुसऱ्या खात्यात जाण्याची निदान शक्यता होती. ज्याला विणकाम खाते बंद होते, त्याच्यासाठी रिंग खात्यातील कपात म्हणजे गिरणीचेच दार बंद होणे. मालकांच्या ज्या योजनेविरुद्ध संप पुकारला होता, तिचा सर्वाधिक धोका ज्यांना होता त्यांचाच प्रश्न मागण्यांच्या यादीत अनिच्छेने आला. या दृष्टीने पाहता विणकाम खात्यातील प्रवेशाची मागणी ही भांडवली पुनर्रचनेला दिलेले अत्यंत नेमके उत्तर होते. 'सामाजिक सुधारणेची' म्हणून तिची बोळवण झाल्याने कामगार चळवळीने आपल्याच हातातील एक शस्त्र गमावले.

५. फारकत

२० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या खटल्यासाठी देशभर अटकसत्र झाले व गिरणी कामगार युनियनचे प्रमुख नेते तुरुंगात गेले. एप्रिल १९२९ मध्ये उरलेल्या नेतृत्वाने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. १९२८ च्या संपाने कर्जबाजारी झालेल्या कामगारांना तो पेलणारा नव्हता. डॉ. आंबेडकरांनी या संपास विरोध केला व अस्पृश्य कामगारांनी कामावर जावे अशी भूमिका घेतली. संप अपयशी ठरला, युनियनचे बळ झपाट्याने ओसरले.

या भूमिकेबद्दल डॉ. आंबेडकरांवर संपफोडेपणाचा आरोप झाला. तो आरोप तपासताना पूर्ववर्षीचा अनुभव विसरता येत नाही. सहा महिने उपाशी राहूनही ज्यांच्यासाठी साच्याचे दार उघडले नाही, त्यांनी पुन्हा त्याच नेतृत्वाच्या हाकेस ओ द्यावी ही अपेक्षा वर्गाच्या नावाने केली जात होती. तो वर्ग मात्र अद्याप घडायचा होता. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६३ मध्ये इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिताना, वर्ग ही आधीच तयार असलेली वस्तू नसून माणसांच्या सामायिक अनुभवातून घडत जाणारी गोष्ट आहे, अशी मांडणी केली. गिरणगावात अनुभवच सामायिक नव्हता. एकाच भोंग्यावर आत जाणाऱ्या दोघांचे खाते, वेतन व पाणी वेगळे होते.

याच सुमारास, १९२८ च्या सहाव्या अधिवेशनानंतर, कम्युनिस्ट इंटरनॅशनलने सुधारणावादी संघटनांशी सहकार्य टाळण्याचे धोरण स्वीकारले होते. त्याची छाया मुंबईतील पक्षावर पडली व डॉ. आंबेडकरांची चळवळ फूटपाडी असल्याची समजूत दृढ झाली. याला अपवादही होते. महाडच्या सत्याग्रहाच्या आयोजनात पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि आयुष्यभर दोन्ही चळवळींचे नाते जपत राहिले. एका पक्षाच्या कार्यकर्त्याला दोन चळवळींमधील दुवा म्हणून जगावे लागावे, यातच त्या काळातील अंतराची कल्पना येते.

६. मनमाड ते ७ नोव्हेंबर १९३८

ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. कार्यक्रमात कुळांचे संरक्षण, कामगारांचे हक्क व लोकहितासाठी उद्योगांवर शासनाची मालकी यांचा समावेश होता. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. गिरणी कामगारांचा मोठा भाग कोकणातील खोतांच्या कुळांमधून आलेला असल्यामुळे हा प्रश्न गिरणगावाशी थेट जोडलेला होता. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला. त्यात स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर कम्युनिस्टही होते.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी जे भाषण केले, ते भारतीय डाव्या विचाराच्या इतिहासात पायाभूत मानावे लागेल. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार होय आणि हा नकार कोणत्याही जातीत असू शकतो, असे त्यांनी स्पष्ट केले. दाखले त्यांनी कामाच्या ठिकाणचेच दिले. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून आयुष्य काढतो. त्यास साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरचे काम करून घेतले जाते. कापडगिरणीत त्यास विणकाम खाते बंद आहे. दहा वर्षे उलटूनही तो दाखला जुना झालेला नव्हता.

त्याच वर्षी बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंटा विधेयक आणले. सक्तीच्या समेट प्रक्रियेआधी केलेला संप त्याने बेकायदेशीर ठरणार होता. विधानसभेत डॉ. आंबेडकरांनी त्यास कडाडून विरोध केला. संपाचा हक्क हा आपल्या श्रमाविषयीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि संप हा गुन्हा ठरविणे म्हणजे कामगारास गुलाम करणे, हा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश होता. १९२९ मध्ये संपास विरोध करणारा नेता संपाच्या हक्काचा सर्वांत तर्कशुद्ध समर्थक ठरला, यात विसंगती नाही. विरोध होता तो विशिष्ट संपास. हक्क मात्र त्यांनी प्रत्येक माणसाच्या स्वातंत्र्याच्या पायावर उभा केला.

दरम्यान कम्युनिस्ट इंटरनॅशनलने १९३५ मध्ये व्यापक संयुक्त आघाडीचे धोरण स्वीकारले होते. १९२८ च्या संपात भाग घेतलेले व मीरत खटल्यात शिक्षा भोगलेले बेन ब्रॅडली हेच भारतासाठी या धोरणाची मांडणी करणाऱ्यांपैकी एक होते. या पार्श्वभूमीवर ७ नोव्हेंबर १९३८ रोजी विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. डॉ. आंबेडकर, डांगे, निंबकर, मिरजकर, शामराव परुळेकर, जमनादास मेहता एकाच मंचावर आले. संपाच्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक संमत झाले, परंतु लाल बावटा व स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा एकत्र आल्यास गिरणगाव थांबू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

ही एकजूट टिकली नाही. दुसरे महायुद्ध, राष्ट्रीय चळवळीविषयीचे मतभेद आणि १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना यांनी मार्ग वेगळे झाले. परंतु बाह्य कारणांबरोबर एक अंतर्गत कारणही होते. संयुक्त लढा विधेयकाविरुद्ध, म्हणजे बाहेरील शत्रूविरुद्ध, झाला. विणकाम खात्याचे दार हा त्या एकजुटीचा विषय झाला नाही. आघाडी मंचावर झाली. ती साच्यापर्यंत पोहोचली नाही.

७. चिकित्सेचे पुनरवलोकन

या दशकाच्या अभ्यासातून डाव्या तत्त्वज्ञानासाठी दोन मुद्दे निघतात. पहिला मुद्दा पाया आणि इमला या रूपकाच्या वापराचा आहे. जात ही इमल्यातील, जाणिवेच्या क्षेत्रातील बाब असून उत्पादनसंबंध बदलल्यावर ती आपोआप नाहीशी होईल, अशी समजूत पक्षात दीर्घकाळ होती. विणकाम खात्यात मात्र जात हाच उत्पादनसंबंधाचा भाग होती. कोण कोणते यंत्र चालवील, त्याला वेतन किती मिळेल व मंदीत कोण आधी बाहेर पडेल, हे ती ठरवीत होती. म्हणून जातीचा विचार करणे म्हणजे अर्थकारण सोडणे नव्हे. शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन करून मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवादाची जी मांडणी केली, तिचे मूळ या अनुभवाच्या विश्लेषणात शोधता येते.

दुसरा मुद्दा आंबेडकरी विचाराविषयीचा आहे. डॉ. आंबेडकरांना केवळ मार्क्सवादाचे विरोधक म्हणून पाहण्याची प्रथा दोन्ही बाजूंना सोयीची ठरली आहे. तथापि १९४७ मध्ये त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा व शेती यांवर शासनाची मालकी राज्यघटनेतच नमूद करावी, असे सुचविले होते. खासगी मालकाची सत्ता अनिर्बंध राहिली तर कामगारास घटनेतील स्वातंत्र्याचा उपभोग घेता येणार नाही, हा त्यामागील विचार होता. गिरणीमालकाच्या १९२८ च्या उत्तरात अधिकार व उत्तरदायित्व यांची जी फारकत दिसली, तिच्यावरील हा घटनात्मक उपाय होता असे म्हणणे वावगे ठरू नये.

निष्कर्ष

मुंबईच्या गिरण्यांनी वंशपरंपरागत व्यवसायाची चौकट काही प्रमाणात सैल केली. तथापि जातीय श्रमविभागणीला त्यांनी यंत्राभोवती नवे रूपही दिले. १९२८ च्या संपाने भांडवलशाहीची चिकित्सा मराठी कामगाराच्या भाषेत आणली, ही मोठी ऐतिहासिक कामगिरी होय. परंतु विणकाम खात्याच्या प्रश्नावर ही चिकित्सा मालकाच्या उत्तरापाशी थांबली. 'आम्ही जबाबदार नाही' असे मालक म्हणाला तेव्हा त्यास जबाबदार धरण्याचे सामर्थ्य चळवळीत नव्हते, कारण तिने स्वतःही ती जबाबदारी घेतलेली नव्हती. १९३८ मध्ये एकत्र येण्याची शक्यता प्रत्यक्षात उतरली, पण ती कामाच्या ठिकाणच्या विषमतेपर्यंत खोलवर गेली नाही.

१९८२ च्या संपानंतर मुंबईतील बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे व मॉल उभे राहिले. धोटा आता संग्रहालयातील वस्तू आहे. श्रमाचे विभाजन मात्र ठेकेदारीच्या रूपाने चालू आहे आणि गटारसफाईसारख्या कामांत कोण उतरतो, हे पाहण्यासाठी जनगणनेच्या तक्त्यांची आवश्यकता नाही. तेथेही मूळ मालक ठेकेदाराकडे बोट दाखवितो आणि ठेकेदार समाजाकडे. भांडवलशाहीच्या कोणत्याही नव्या चिकित्सेला या बोटांचा माग काढावा लागेल. कामाच्या वाटपाचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच त्या वाटपातील अन्यायाची जबाबदारी सोपविणे आणि ती मागणी यादीत शेवटी न ठेवता प्रारंभी ठेवणे, हा १९२८ च्या संपाने आपल्यासाठी मागे ठेवलेला अपुरा कार्यक्रम आहे.